उष्टावण कुणाचं, उष्टं कुणाचं?

दोस्तहो, इतिहास म्हटला की आपण सनावळ्या, मोर्चे, सत्याग्रह मांडतो. ते मांडलेच पाहिजेत. पण माणसाचा इतिहास पहिल्या घासापासून सुरू होतो, आणि आपल्या लेकरांच्या पहिल्या घासाची नोंद कुण्या बखरीत नाही. ती करायची कुणी?

अडचण अशी की ज्याचा घास, त्यालाच तो आठवत नाही. तीन वर्षांच्या आतलं माणसाला सहसा काही आठवत नाही. जीभ मात्र विसरत नाही. २००१ साली अमेरिकेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या बायांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज खाताना तोंड कमी वाकडं केलं. म्हणजे आईच्या ताटाची ओळख बाळाला पोटातच होते. मग जिच्या ताटातच काही नव्हतं, तिच्या लेकराला ओळख कशाची झाली?

माझा जन्म हर्सूलचा, १९७१ चा. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उत्तरेचं हे गाव. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशी मलिक अंबरनं सतराव्या शतकात याच बाजूनं जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी पाजलं. पाणी भुयारातून वाहत राहिलं. वर गावोगावच्या पाणवठ्यांवर शिवाशिव होती तशीच राहिली.

मी रांगायला लागलो अन् बहात्तरचा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांतली एक माझी माय. खडी फोडायची. ती सांगायची, "ढिगाच्या सावलीला तुला फडक्यावर टाकायचे. पोटात काय न्हाई तर अंगावर दूध कुठून येतं रे? सुकडी मिळायची. ती पान्यात कालवून बोटानं चाटवली. तेच तुझं उष्टावण." घरात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकर थापता थापता मोडायची. माझी पहिली आठवण अशी मायच्या तोंडून आलेली, उसनी.

उष्टावण हा शब्द नीट बघा. वरच्या आळीत सहाव्या-सातव्या महिन्यात मामा चांदीच्या वाटीतली खीर चारतो, त्याचं नाव उष्टावण. तिथं उष्टं होणं हा सोहळा. आमच्या वाड्यात उष्टं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं. येसकराच्या पाळीला आजा दारोदार फिरून भाकर मागून आणायचा. तिच्यातला मऊ पापुद्रा आजीनं तोंडात चावून माझ्या बापाला चारला. दात शिवशिवायला लागले तेव्हा हातात वाळल्या चानीचा तुकडा दिला. एकच शब्द, पण जातीप्रमाणं अर्थ दोन. हा आपला शब्दकोश.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टे तुकडे मागणं सोडा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाड्या-वाड्यांतून हे सुटत गेलं. आपण याला क्रांती म्हणतो, अन् ती क्रांतीच आहे. पण तिची किंमत कुठून भरली गेली? आजी म्हणायची, "मढं सोडलं ते बरंच केलं. पर त्याच्या जागी काय आलं? रातचं पानी पिऊन निजायचं." सोडायचा ठराव परिषदेत झाला, तो पाळला चुलीपुढच्या बायांनी, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. त्यांची नावं कुठल्या ठरावाखाली नाहीत.

लादलेलं अन्न नाकारणं वेगळं आणि त्याच अन्नावर लेकरं जगवणाऱ्या बायांच्या कसबाची लाज वाटणं वेगळं. हा फरक आपल्या शिकलेल्या पिढीनं पुष्कळदा केला नाही. चानी, रक्ती ही नावं घरात दबक्या आवाजात निघायची. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तकच लिहिलं. ते काम एकट्याचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे.

अन् हा विषय जुना झालेला नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडी आली. शाळेच्या पोषण आहारात २०२३ साली अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनानं त्याचा निधी बंद केला. अंडं द्यायचं तर लोकवर्गणी काढा म्हणाले! गरिबाच्या लेकरानं काय खावं हे आजही दुसराच ठरवतो. पूर्वी गावचा पाटील ठरवायचा, आता कागद ठरवतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, बहात्तरला खडी फोडणाऱ्या बाया आज पंच्याहत्तरीच्या पुढं गेल्यात. त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. विचारा: लेकराला पहिल्यांदा काय चारलं? कुठून आणलं? तेव्हा तू काय खाल्लंस? तिसऱ्या प्रश्नावर त्या गप्प होतील. त्या गप्प बसण्याचीसुद्धा वहीत नोंद करा.

जयभीम.