ध्वनीच्या दुनियेतील नावनिशी

१९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. आज ते आपल्याला मिरवणे वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या जर्मनीत हानोवर येथे तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज ओळखता येणे शक्य नव्हते. लेबलावर कोणाचे नाव छापायचे, हे ध्वनीनेच सांगायचे होते.

तो प्रश्न आज संगणकाच्या पडद्यावर नव्याने उभा आहे. घरच्या स्टुडिओत काम करणारा संगीतकार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारतो, ‘या गायनाला कोणता प्रतिध्वनी लावू?’ सहायक आत्मविश्वासाने एखाद्या प्लगइनचे नाव सुचवतो आणि ते या संगणकावर नसतेच. सहायकाने प्लगइनांविषयी पुष्कळ वाचलेले असते. या घरात काय आहे, हे मात्र कोणी दाखवल्याशिवाय त्याला दिसत नाही.

यंत्रांना एकमेकांची ओळख पटवण्याची खटपट चाळीस वर्षांची आहे. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमच्या वाद्यमेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर केबलने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसऱ्यातून सूर निघे. ही ‘मिडी’ नावाची सामाईक भाषा. निर्मात्यांना तिच्यात क्रमांक मिळाले: सिक्वेन्शियल १, रोलँड ६५, यामाहा ६७. पुढे तिच्यात ‘तू कोण?’ असे विचारणारा सहा बाइटांचा संदेशही आला. उत्तरात वाद्य आपला निर्माता, कुळ, मॉडेल आणि आवृत्ती कळवू लागले.

१९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ने १२८ ध्वनींची यादी ठरवली. तिच्यात सतार १०५ व्या आणि शहनाई ११२ व्या स्थानी आहे. तबल्याला मात्र त्या यादीत जागा नाही, तालवाद्यांच्या वेगळ्या तक्त्यातही नाही. जे यादीत नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मग वाद्येच संगणकात शिरली. १९९२ मध्ये वेव्ह्जचा क्यू-१० हा इक्वलायझर आला. १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने क्युबेससोबत ‘व्हीएसटी’ आणले आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वाजवण्याची वाद्येही प्लगइन झाली. त्यात प्रत्येक प्लगइनची ओळख फक्त चार अक्षरांची होती. दोन निर्मात्यांनी चुकून तीच अक्षरे निवडली, तर संगणकाची गफलत ठरलेली. ॲपलच्या ‘ऑडिओ युनिट’ने प्रकार, उपप्रकार आणि निर्माता अशी चार-चार अक्षरांची तीन खूणपदे ठेवली. २००८ च्या व्हीएसटी-३ ने १२८ बिटांचा क्रमांक आणला. त्यात टक्कर होण्याची भीती जवळपास संपली.

तरीही मोजदाद सोपी झाली नाही. फोल्डरमधील फाइलींची नावे वाचणे हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो आणि तिथेच फसगत होते. वेव्ह्जची कित्येक प्लगइन ‘वेव्हशेल’ नावाच्या एकाच फाइलीआडून उघडतात. फाइल एक, आत बिऱ्हाडे अनेक. उलट एकच प्लगइन तीन प्रकारांत बसवलेले असते आणि यादीत तीनदा मोजले जाते. लॉजिक प्रोला ऑडिओ युनिटच चालते, प्रो टूल्सला ‘एएएक्स’च लागते. म्हणजे ‘संगणकावर आहे’ आणि ‘या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

त्यामुळे सहायकाला फोल्डरपेक्षा सॉफ्टवेअरने स्वतः तपासून केलेली यादी देणे अधिक भरवशाचे. रीपर ती साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. मॅकवर ‘ऑवॅल’ ही आज्ञा ऑडिओ युनिटची यादी खूणपदांसह देते. तिच्यात नाव, निर्माता, आवृत्ती आणि प्रकार असे चार रकाने केले आणि ‘यादीबाहेरचे सुचवू नकोस’ एवढे बजावले, की सल्ला पुष्कळ ताळ्यावर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रोपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केल्यापासून अशी माहिती सहायकापर्यंत नेण्याची एक सामाईक वाटही आहे. मात्र फाइलीच्या मार्गांत वापरकर्त्याचे नाव आणि कधी अप्रकाशित कामांची शीर्षकेही असतात. ती आधी गाळायला हवीत.

या यादीचे मोल आजच्या सल्ल्यापुरते नाही. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी-२ साठी नवे परवाने देणे थांबवले. जुनी प्लगइन एकेक करून बंद पडतील, तेव्हा त्यांवर बेतलेली गाणी उघडताना पडद्यावर ‘प्लगइन सापडत नाही’ एवढेच दिसेल. काय सापडत नाही, हे जुन्या यादीवरूनच कळेल आणि त्याच्या जागी काय लावायचे, याचा विचार तिथून सुरू होईल. म्हणून प्रत्येक गाण्याच्या फोल्डरात ही चार रकान्यांची यादी ठेवावी आणि प्रत्येक ट्रॅक प्रक्रियेसकट स्वतंत्र ध्वनिफाइल म्हणून जतन करावा. गौहर जान यांनी दोन-तीन सेकंदांत जे काम उरकले, त्याला आपल्याला फार तर अर्धा तास लागेल.