थोमाचे बोट

काराव्हाज्जोने 1601-02च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात शिष्य थोमाचे बोट येशूच्या कुशीतल्या जखमेत चांगले पेरभर शिरले आहे. रोमच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये तर ते पवित्र अवशेष म्हणून जपूनही ठेवले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र हे बोट कुठेच शिरत नाही. येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांच्या खुणांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मानणार नाही, अशी अट थोमा घालतो. आठवडाभराने येशू समोर येऊन ‘घाल’ म्हणतो, आणि थोमा त्याला तिथल्या तिथे प्रभू आणि देव म्हणून मोकळा होतो. पुढे येशू बोलतो तेही पाहण्याबद्दल. ऑगस्टिनच्या नजरेतूनही ही गोष्ट सुटली नव्हती.

मग बोट आत घातले कोणी?

मला धागा सापडला तो भलतीकडेच, एका बाळंतिणीपाशी. ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ हा दुसऱ्या शतकातला, बायबलबाहेर राहिलेला ग्रंथ. त्यात येशूच्या जन्मावेळी कुमारिका बाळंत झाली असे सुईण सांगते, तेव्हा सलोमे नावाची बाई अडून बसते : बोट घालून तपासल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. ती तपासतेही. लगेच तिचा हात आगीत जळून गळू लागतो, आणि बाळाला उचलून घेतल्यावरच बरा होतो.

सुईणींच्या प्रसंगात तपासणी यायचीच, त्यात थोमा कशाला, असे कोणी म्हणेल. तपासणी कबूल. पण ‘नाहीतर विश्वास ठेवणार नाही’ ही भाषा सुईणपणाची नव्हे, थोमाची आहे. माझ्या मते या लेखकाने पुनरुत्थानाची परीक्षा उचलून जन्माच्या वेळी आणली, आणि योहानाने हवेत ठेवलेले बोट शिक्षेसकट आत घातले.

येशूचे शरीर निव्वळ आभास होते म्हणणाऱ्यांना गप्प करायला स्पर्श हवा होता, हा दुसरा पक्ष अधिक रूढ आहे. त्याचा पुरावाही जुना आहे. अंत्युखियाचा इग्नाती दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो की पेत्राबरोबरच्या शिष्यांनी येशूला स्पर्श केला आणि विश्वास ठेवला. त्याच शतकातल्या ‘प्रेषितांच्या पत्रा’त तर कामाची वाटणीच आहे : पेत्राला हात, थोमाला कूस, अंद्रियाला पाय. पण वादाला उत्तर म्हणून कोणाचाही स्पर्श चालला असता. बोट एकट्या अविश्वासू माणसाचेच, आणि तेही अपराध्यासारखे का उरले, हे त्यातून उलगडत नाही. सलोमेच्या हातातून उलगडते.

विश्वास बसत नसेल तर योहानाच्या विसाव्या अध्यायातली 24 ते 29 ही वचने वाचा, आणि बोट शिरलेले सापडले तर जरूर कळवा.