कॅनडातील प्रयोगकलांचा वारसा : जतन व प्रसाराचे व्यवसाय

नृत्य, नाट्य, संगीत व ऑपेरा यांचा प्रयोग संपल्यावर मागे उरणारी साधने (संहिता, स्वरलेखन, पोशाख, नेपथ्याचे आराखडे, ध्वनिफिती, चित्रफिती आणि कलावंतांच्या आठवणी) जमवणे, टिकवणे व पुन्हा लोकांपुढे आणणे या कामांतून कॅनडात उभे राहिलेले व्यवसाय. अभिलेखपाल, संगीत-ग्रंथपाल, वस्त्र-संवर्धक, नृत्यलिपिकार, मौखिक इतिहासाचे संकलक व पुनर्रचनाकार हे त्यांतील प्रमुख होत. यांतील बरेचसे काम सरकारी योजनेतून नव्हे, तर कलावंतांच्याच धडपडीतून सुरू झाले.

पार्श्वभूमी : ग्वेनेथ लॉइड व बेटी फॅरली यांनी 1939 मध्ये विनिपेग येथे स्थापन केलेल्या बॅले संस्थेला 1953 मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. पुढच्याच वर्षी लागलेल्या आगीत तिचे नेपथ्य, पोशाख, स्वरलेखन व नृत्यरचनांच्या नोंदी भस्मसात झाल्या. लॉइड यांच्या कितीतरी रचना त्यामुळे कायमच्या हरपल्या. ‘शॅडो ऑन द प्रेअरी’ (1952) हा बॅले मात्र राष्ट्रीय चित्रपट मंडळाने चित्रित केल्यामुळे आजही पाहता येतो.

नृत्य : या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची संस्था म्हणजे टोराँटोची डान्स कलेक्शन दान्स. नॅशनल बॅले ऑफ कॅनडाचे माजी नर्तक लॉरेन्स व मिरियम अ‍ॅडम्स या दांपत्याने 1983 मध्ये तिचा पाया घातला. त्याआधी सत्तरच्या दशकात ते प्रायोगिक नृत्यासाठी एक छोटे रंगस्थळ चालवत. 1986 च्या ‘आँकोर! आँकोर!’ प्रकल्पात 1940 व 1950 च्या दशकांतील सहा नृत्यरचनाकारांच्या कृती पुन्हा उभ्या करण्यात आल्या. त्यांत लॉइड, बोरिस व्हॉल्कॉफ, फ्रान्स्वाज सुलिव्हन आदींचा समावेश होता. अशा कामात मूळ संचातील नर्तकांना गाठावे लागते. संगीत लावले, की त्यांच्या अंगात मुरलेल्या हालचाली एकेक करून वर येतात. त्या छायाचित्रांशी व कार्यक्रमपत्रिकांशी ताडून पाहायच्या, जेथे मेळ बसत नाही तेथे निर्णय घ्यायचा आणि तो निर्णय लिहून ठेवायचा, ही पुनर्रचनाकाराची जबाबदारी असते. लॉरेन्स अ‍ॅडम्स यांचे 2003 मध्ये निधन झाले. संग्रह, प्रदर्शने व ग्रंथप्रकाशन यांद्वारे संस्थेचे कार्य पुढे चालू राहिले.

माँट्रिऑल येथे नृत्यरचनाकार झाँ-पिएर पेरो (निधन 2002) यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ‘नृत्यरचना-पेटी’ ही पद्धत विकसित केली. एकेका कृतीची टिपणे, चित्रफिती, मुलाखती, प्रकाशयोजना व वेशभूषेची माहिती तीत एकत्र ठेवलेली असते, जेणेकरून मूळ प्रयोग न पाहिलेल्या संचालाही ती कृती बसवता यावी. पेरो यांची ‘जो’ (1984) ही 32 नर्तकांची रचना कॅनडाच्या समकालीन नृत्यात मानाचे स्थान राखून आहे.

संगीत : हेल्मुट कालमान (1922–2012) हे या व्यवसायाचे आद्य पुरुष मानता येतील. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींपासून बचावून इंग्लंडला गेला आणि तेथून 1940 मध्ये स्थानबद्ध म्हणून कॅनडात आला. पुढे त्यांनी सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे संगीत ग्रंथालय सांभाळले व 1970 पासून राष्ट्रीय ग्रंथालयाचा संगीत विभाग उभारला. ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ म्युझिक इन कॅनडा’च्या (1981) तीन संपादकांपैकी ते एक होत. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचे दप्तरही ओटावा येथील राष्ट्रीय संग्रहात आहे.

नाट्य : स्ट्रॅटफर्ड महोत्सवाचे (स्थापना 1953) स्वतंत्र अभिलेखागार आहे, तर शॉ महोत्सवाची कागदपत्रे ग्वेल्फ विद्यापीठात आहेत.

सर्कस : या कलेचे केंद्र माँट्रिऑल हे आहे. सर्क द्यू सोलेय या सर्कस संस्थेची स्थापना 1984 मध्ये झाली.

संवर्धनाचे तंत्र : अ‍ॅसिटेट फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, की तिचा ऱ्हास सुरू झाला असे समजावे. चिकट झालेल्या चुंबकीय फिती मंद उष्णतेवर तापवून थोड्या काळापुरत्या वाजवण्याजोग्या करतात व लगेच त्यांची प्रत घेतात. पोशाखांवरील घामाचे डाग सरसकट धुतले जात नाहीत. कॉलरच्या आतल्या बाजूस शिवलेल्या नावांच्या पट्ट्यांवरून ती भूमिका क्रमाने कोणी केली, हे कळते. ओटावा येथील कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट (1972) या कामी तांत्रिक मार्गदर्शन करते.

मूलनिवासींच्या परंपरा : 1885 ते 1951 या काळात पॉटलॅच या पश्चिम किनाऱ्यावरील मूलनिवासींच्या भेटवस्तू वाटण्याच्या समारंभावर कायद्याने बंदी होती. 1921 च्या एका समारंभानंतर जप्त केलेले मुखवटे व अन्य वस्तू पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाल्या. त्यांसाठी अलर्ट बे येथे उमिस्टा सांस्कृतिक केंद्र 1980 मध्ये उघडले. संबंधित नृत्ये व गीते घराण्यांच्या वारसाहक्कात मोडतात. त्यामुळे त्यांचे चित्रण कोणी करावे व कोणास दाखवावे, याविषयी एकमत नाही.

शिक्षण : ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अभिलेखशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम 1981 मध्ये सुरू झाला. यॉर्क विद्यापीठात नृत्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

भारतीय नृत्य : मुंबईत जन्मलेल्या मेनका ठक्कर 1972 मध्ये कॅनडात आल्या आणि टोराँटोत ‘नृत्यकला’ अकादमी काढून त्यांनी भरतनाट्यम् व ओडिसी तेथे रुजवले. त्यांचे 2022 मध्ये निधन झाले. त्यांच्या पहिल्या पिढीतील शिष्यांच्या आठवणी, तालमींच्या वह्या व चित्रफिती यांचे पद्धतशीर संकलन विनाविलंब होणे गरजेचे आहे.