हातमोजे, मुखपट्टी आणि कायदा

कायद्याचा कोणताही नियम हाती घेतला म्हणजे वकिलाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हा नियम कोणाच्या रक्षणासाठी झाला? रुग्णसेवेतील हातमोज्यांस व मुखपट्टीस हाच प्रश्न विचारून पाहिला, तर त्यांचा इतिहास मोठे बोधप्रद उत्तर देतो.

१८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका शस्त्रक्रियागृहाचे काम पाहात असे. निर्जंतुकीकरणासाठी पाऱ्याच्या क्षाराचे जे द्रावण वापरीत, त्याने तिच्या हातांची त्वचा सोलवटून निघाली. तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. म्हणजे हातमोजे आले ते रुग्णासाठी नव्हे, तर सेविकेच्या हातांसाठी! त्यांच्यामुळे रुग्णाच्या जखमाही कमी चिघळतात, हे जोसेफ ब्लडगूड यांनी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून दाखविले, ते १८९९ मध्ये.

मुखपट्टीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊचे शल्यवैद्य मिकुलिच यांनी ती तोंडास बांधली, ती आपल्या श्वासातील तुषार रुग्णाच्या जखमेवर पडू नयेत म्हणून. पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगाने सुमारे ६०,००० माणसे दगावली. त्या वेळी हार्बिन येथे डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड व कापूस यांची मुखपट्टी शुश्रूषा करणाऱ्यांच्याच रक्षणासाठी वापरावयास लावली. फ्रेंच वैद्य मेनी यांनी ती नाकारली, आणि थोड्याच दिवसांत ते त्याच रोगाने मरण पावले. सेवकासाठी आलेली वस्तू रुग्णास तारक ठरली आणि रुग्णासाठी आलेली सेवकास. सेवक व सेव्य यांचे रक्षण परस्परांपासून वेगळे करता येत नाही, हेच या इतिहासाचे सार होय.

ही गोष्ट सर्वांत अधिक लागू पडते ती वृद्धांच्या शुश्रूषागृहास. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे प्रसूतीचा वा शस्त्रक्रियेचा खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र ते जराजर्जर व परावलंबी माणसांचे दीर्घकाळ राहण्याचे ठिकाण असते. तेथे एकच सेविका अनेकांना भरविते, न्हाऊ घालते, कुशीवर वळविते. एकाच्या अंथरुणापासून दुसऱ्याच्या अंथरुणाकडे जाताना तिने मोजे बदलले नाहीत व हात धुतले नाहीत, तर तेच मोजे रोगाचे वाहन होतात.

अमेरिकन कायद्याने या बाबतीत उदासीनता दाखविली असे म्हणता येणार नाही. १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे हक्क व सेवेची प्रमाणे निश्चित केली. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून सेवकांचे रक्षण व्हावे म्हणून १९९१ च्या नियमाने हातमोजे व झगे मालकाने विनामूल्य पुरविण्याचे बंधन घातले. २०१६ च्या नियमांनी संसर्गप्रतिबंधाचा स्वतंत्र अधिकारी नेमणे आवश्यक केले व त्यासाठी नोव्हेंबर २०१९ ही मुदत दिली.

ती मुदत संपून तीन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, वॉशिंग्टन राज्यातील कर्कलँड येथील एका शुश्रूषागृहात कोविडचा शिरकाव झाला. तेथे १०१ रहिवासी, ५० सेवक व १६ अभ्यागत बाधित झाले. बाधित रहिवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश मरण पावले. चौकशीत जी कारणे आढळली ती विचार करावयास लावणारी आहेत. काही सेवक आजारी असताही कामावर येत होते. काही एकाहून अधिक गृहांत काम करीत होते. संरक्षक साधने अपुरी होती आणि ती वापरण्याच्या पद्धतीचा परिचयही अपुरा होता.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने एक हिशेब मांडला. २०१३ ते २०१७ या काळात तपासलेल्या शुश्रूषागृहांपैकी ८२ टक्के गृहांत संसर्गप्रतिबंधाचा दोष निदान एकदा तरी नोंदला गेला होता. परंतु त्यांतील जवळजवळ सर्व दोष ‘गंभीर नव्हेत’ असे ठरले, आणि अशा दोषांपैकी अवघ्या एक टक्क्याबाबत प्रत्यक्ष कारवाई झाली! हात न धुणे हा दोष, त्यातून कोणी दगावेपर्यंत, सौम्यच दिसतो. तपासनीसाच्या वहीत तो सौम्य म्हणून नोंदला जातो, आणि पुढे साथ येते.

आता आपल्या शहरांतही वृद्धाश्रम वाढत आहेत, आणि परगावी राहणारी मुले आईवडिलांना तेथे ठेवीत आहेत. प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वी खोली व भोजन यांची चौकशी सर्वच करतात. तीबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : येथील सेविकेस ताप आला, तर तिला पगारी रजा मिळते काय? ज्या गृहात याचे उत्तर ‘नाही’ असे येईल, तेथे हातमोज्यांची खोकी कितीही रचून ठेवलेली असोत, आपल्या आईचे रक्षण तेथे अपुरेच राहील.