दिव्याखालचा इतिहास

इतिहास लिहायचा तर हाताशी अस्सल कागद पाहिजे, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. त्यात माझा मोठेपणा काही नाही. माझा जन्म धुळ्याचा. ज्या गावात १९२६ च्या डिसेंबरात इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला आणि पाठोपाठ १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्या गावातला माणूस कागदाशिवाय बोलत नाही. वाण्याशी भांडायचं असलं तरी आम्ही आधी मागच्या महिन्याची चिठ्ठी काढतो. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बावीस खंडांत छापली. माझी साधनं त्या मानानं फारच तुटपुंजी आहेत. २००७ सालच्या उन्हाळ्यातली सहा वीजबिलं, एवढाच माझा दप्तरखाना. तीन माझ्या जळगावच्या घराची आणि तीन माझ्या साडूच्या धुळ्याच्या घराची. त्यांतल्या एकावर पिवळा डाग आहे तो आमरसाचा. त्याचा खुलासा पुढे येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज विशीत असलेल्या शहरातल्या मुलांना 'भारनियमन' हा शब्द समजावून सांगावा लागतो. आम्हाला तो पाठ होता. राज्यात विजेची मागणी जास्त आणि वीज कमी, म्हणून ती पाळीपाळीनं बंद ठेवायची, याला सरकारी भाषेत भारनियमन म्हणत. घरी आम्ही नुसतं 'गेली' म्हणत असू. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या २००५ मध्ये तीन कंपन्या झाल्या : एक वीज करणारी, एक वाहून नेणारी आणि एक वाटणारी. आम्ही भोळी माणसं. आम्हाला वाटलं, एकाच्या जागी तिघं राबणार म्हणजे वीजही तिप्पट येणार! पण तुटवडा तोच राहिला. पुढे वीजगळती आणि थकबाकी पाहून भागांचे गट पाडण्यात आले. ज्या भागाची गळती जास्त, त्याला अंधारही जास्त. शाळा सुटून तीस वर्षं झाली तरी आमच्या नशिबी पुन्हा 'अ' तुकडी आणि 'ब' तुकडी आलीच.

यातली खरी गंमत अशी, की वीज आमच्याच अंगणात तयार होत होती. भुसावळजवळ औष्णिक वीज केंद्र आहे, आणि त्या ठिकाणाचं नाव चक्क दीपनगर! तिकडे साक्री तालुक्यात पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्यानं काढली, तो माणूस जळगाव जिल्ह्यातला असावा असा माझा अंदाज आहे. मात्र याला कागदाचा आधार नाही.

आता पैजेकडे वळू. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचा जळगाव, पश्चिमेचा धुळे. हेतू कारभाराच्या सोयीचा होता. पण त्यामुळे शंभर वर्षांनी दोन साडूंना भांडायला कायमचा विषय मिळाला. मी जन्मानं धुळ्याचा, नोकरीनं जळगावचा. माझे साडू मुळात जळगावकडचे, आणि राहतात धुळ्यात. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांच्या गावाची बाजू घेऊन भांडतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"काय साडूभाऊ, वीज आहे का?"

"आत्ताच गेली."

"जाणारच! तुम्ही जळगावकर वीज वापरत नाही, खाता. कूलर काय, फ्रीज काय! आमच्या गल्लीत बघा, किती काटकसर!"

झालं. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत ज्याच्या घरी युनिटं जास्त जळतील, त्यानं दोन्ही घरांना आमरस आणि खापरावरचे मांडे खाऊ घालायचे, असं ठरलं. मांडे करणार बायका, आणि पैज लावणारे आम्ही. या गोष्टीकडे आमच्या सौभाग्यवतींनी त्याच दिवशी लक्ष वेधलं होतं, पण ते इतिवृत्तात नोंदलं गेलं नाही.

धुळ्याच्या जुन्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज यानं तिथली नवी पेठ सरळ रेषांत आखली. एकदा नंबर पडले की पहिला कोण आणि दुसरा कोण हा प्रश्न माणसाच्या मनात येतोच. साडूंची पैज आठवड्याच्या आत गल्लीभर झाली. ओट्यावर बसून माणसं एकमेकांचे मीटर वाचू लागली. साडूंनी इस्त्री बंद केली आणि चुरगळलेल्या शर्टात कचेरीत जाऊन साधेपणावर भाषणं दिली.

इकडे मीही गप्प नव्हतो. साठ वॉटचे पिवळे बल्ब काढून पंधरा वॉटचे पांढरे सीएफएल लावले. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे सूत्र जाड अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. चिरंजीव पाणी प्यायला उठले की त्यांच्यामागून दिवा मालवत फिरू लागलो. मिक्सर बंद करून पाटा-वरवंटा काढायला लावला. पाट्यावर बसायचं काम माझ्याकडे नसल्यामुळे मला त्याचा बिलकूल त्रास झाला नाही.

मार्चमध्ये आम्ही हरलो. एप्रिलचं बिल आलं, युनिटं १९२. पुन्हा हरलो. मग मेचं बिल आलं, आणि युनिटं १४६! बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आमची वीज चक्क शेहेचाळीस युनिटांनी उतरलेली. तीन महिन्यांची बेरीज केली तर आम्ही पाच युनिटांनी जिंकलो होतो. मी धुळ्याला फोन लावला आणि तोंडभर आमरस मागितला.

पण अंगात राजवाड्यांच्या गावचं रक्त! एका कागदावर विसंबायचं नाही, दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहायचं. ही शेहेचाळीस युनिटं नेमकी कशानं वाचली, याची टाचणं करायला मी त्याच रात्री बसलो. सीएफएल मार्चमध्येच लावले होते, म्हणजे ते नव्हेत. मिक्सर मुळात चालतोच किती! फ्रीज जसा होता तसाच. पंखे उलट जास्त चालले. मग एकच मोठं धूड उरलं : कूलर. आमच्याकडे दोन. पुढच्या खोलीतला आमचा, मागच्या खोलीतला मायचा. दोनशे वॉटचा कूलर रात्रीचे आठ तास म्हणजे दीड युनिटाच्या वर, महिन्याला जवळजवळ अठ्ठेचाळीस. पेन्सिल तिथंच थांबली.

उठून मागच्या खोलीत गेलो. तो कूलर पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. खोली गप्प होती. माय फरशीवर आडवी होती. खिडकीला ओला पंचा बांधलेला, दुसरा ओला पंचा पायांवर, आणि हातात पुठ्ठा. पुठ्ठ्याचा वारा घेत ती जागीच होती. वय अठ्ठ्याहत्तर.

"माय, कूलर का बंद? वीज तर आहे."

"तुनी पैज शे ना भाऊ," ती म्हणाली. "आन माले उन्हाया काय नवा शे का?"

महिनाभर ती अशी झोपत होती आणि घरातल्या एकालाही कळलं नव्हतं. मी साऱ्या घराचे दिवे मालवत फिरलो होतो, पण ज्या खोलीत आधीच अंधार होता तिथं डोकावलो नव्हतो. मी कूलर लावला आणि तिच्याजवळ बसलो. रागावणार होतो, पण कोणावर रागावायचं ते ठरेना. माझा चेहरा पाहून तीच बोलायला लागली. म्हातारी माणसं लेकरांना समजावायची असली की माहेरी जातात, तशी तीही गेली.

तिचं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथं फड पद्धत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर शेकडो वर्षं चालत आलेली ही पाणी वाटायची रीत आहे. नदीला लहानसा बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार भाग. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता पडीक, हे गावची पंचमंडळी ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. एका शेतकऱ्याची जमीन बहुधा थोडी या फडात, थोडी त्या फडात. त्यामुळे पाणी कमी आलं की झळ सगळ्यांना सारखी. तिथं सरकारी मीटर नव्हता, पण पाटाचं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून वाहत होतं, आणि कोणाच्या बांधावरून ते फुकट सांडतंय हे गावाला दिसत होतं.

"फडमा कोणी वाफा वाळवीसन पाणी वाचाडत नही," माय म्हणाली. सांडणारं पाणी अडवायचं, ज्याची पाळी आहे त्याला ते मिळालंच पाहिजे, असा तिकडचा कायदा. मी म्हटलं, "मग तू आपला वाफा का वाळवलास?" यावर ती हसली आणि म्हणाली, की पैज तू लावलीस, फड कुठं लावलास?

पुढे वाचनात आलं, की त्याच २००७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे. तिथल्या तीनशेच्या आसपास घरांच्या दारांना त्यांनी चिठ्ठ्या अडकवल्या : तुमची वीज इतकी, शेजाऱ्यांची सरासरी इतकी. सरासरीहून जास्त जाळणारे शरमून खाली आले. पण काटकसरी घरं सरासरी पाहून सैल सुटली आणि जास्त वीज जाळू लागली! त्यावर विद्वानांनी उपाय काढला. काटकसरी घराच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढून दिला, आणि ती घरं जागच्या जागी राहिली. एका हसऱ्या चेहऱ्यासाठी माणूस पंखा बंद ठेवतो, हे आमच्या साडूंनी कुठलाही प्रयोग न करता ओट्यावर बसून सिद्ध केलं होतं. पण शेजाऱ्याच्या घरात कोण आजारी आहे, कोण म्हातारं आहे, कोणाला पंखा घ्यायलाच परवडत नाही, हे सरासरीला कळत नाही. सगळ्यांत कमी युनिटांना बक्षीस ठेवलं, तर ते काटकसरीला जाण्याऐवजी गरिबीला जाण्याची भीती असते.

म्हणून शहाणी माणसं ज्याची त्याच्याशीच पैज लावतात. २००१ साली कॅलिफोर्नियात विजेचा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या सरकारनं जाहीर केलं, की गेल्या उन्हाळ्यात तुम्ही जितकी वीज वापरलीत तिच्याहून वीस टक्के कमी वापरा, बिलात वीस टक्के सूट घ्या. शेजाऱ्याचं नावच नाही. आणि खेडोपाडी आपल्या महाराष्ट्रातही त्या भारनियमनाच्या काळात 'अक्षय प्रकाश' नावाची योजना निघाली, ती तर मला थेट फडाची नात वाटते. गावानं एकत्र बसून ठरवायचं, की संध्याकाळच्या टंचाईच्या वेळी कोणी पंप, गिरणी असला जड भार चालवायचा नाही. त्या बदल्यात घरोघरचे दिवे आणि पंखे चालू राहणार. राखण गावकऱ्यांनीच करायची, जागल्यासारखी. तिथं कोणाचाही पहिला नंबर येत नव्हता, पण मुलांना अभ्यासापुरता उजेड मिळत होता.

आमच्या पैजेचा निकाल मी दुसऱ्या दिवशी फोनवरून रद्द केला. साडूंना सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "साडूभाऊ, आमच्याकडे पोरीनं दहावीचा अभ्यास ओट्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली केला. मी तिला शाबासकी दिली होती. आता लाज वाटते."

जूनच्या पहिल्या रविवारी ती सगळी मंडळी एस. टी. नं जळगावला आली. मांडे दोन्ही बहिणींनी केले. आंबे आम्ही दोघांनी पिळले आणि पाट्यावरची चटणीही वाटली. वरवंटा किती जड असतो, याचा अस्सल पुरावा त्या दिवशी माझ्या मनगटात शिल्लक होता. जेवता जेवता मायनं नव्या पैजेचे नियम घातले, आणि मी ते हाताशी सापडलेल्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतले. आमरसाचा डाग तेव्हाचा. नियम दोनच : ज्यानं त्यानं आपल्या मागच्या वर्षाशी लढायचं, आणि काही गोष्टी मोजायच्याच नाहीत. खाली यादी आहे. 'मायचा कूलर. पोरांचा अभ्यासाचा दिवा. पाहुणा आला तर पंखा.'

ती पैज अजून चालू आहे. सीएफएल गेले, नऊ वॉटचे एलईडी आले. पंच्याहत्तर वॉटचे पंखे जाऊन तीस वॉटच्या आतले आले. मागच्या वर्षाला हरवणं दर वर्षी अवघड होत चाललं आहे. माय २०१५ साली गेली, तरी यादीतली तिची ओळ कोणी खोडली नाही. मागच्या खोलीत आता मी झोपतो. परवा वही उघडली, तर त्या ओळीखाली चिरंजिवांच्या अक्षरात एक नवी ओळ दिसली : 'आप्पांचा कूलर. मोजायचा नाही.'

मला जरा रागच आला. म्हातारा समजतो की काय मला! पण कूलर मात्र मी लावला. नियम म्हणजे नियम, आणि आता त्याला कागदाचा आधार आहे.