बॅटरीच्या पोटातले शिसे

नगरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गोदामात फोर्कलिफ्ट फिरताना आपण पाहतो. बॅटरीवर चालणारीला धूर नसतो, म्हणून बंद जागेत ती सोयीची. तिच्या बॅटरीतील शिशाचे वजनही फुकट जात नाही. पुढे उचललेल्या ओझ्याचा तोल तेच सांभाळते.

ही बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. शिशाचे दोन पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल, एवढाच तिचा संसार. १८८१ मध्ये कामील फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटऱ्या कारखान्यांत बनू लागल्या. लेपाची पूड हवेत उडू लागली, कामगारांना पोटशूळ होऊ लागला, मनगटे लुळी पडू लागली. ब्रिटनमध्ये १८९५ पासून कारखान्यातील शिशाच्या विषबाधेची नोंद सक्तीची झाली. १८९८ मध्ये टॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असे तेव्हा मानत. खरा दोष श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचा व वाफेचा आहे, हे लेग यांनी ठासून सांगितले. फरक लहान वाटेल, पण पहिल्या उत्तरात दोषी कामगार ठरतो, दुसऱ्यात कारखान्याची हवा.

दुसरा धोका आपल्या प्रयोगशाळेतलाच. पाण्याचे विद्युत अपघटन करून नळीतोंडाशी जळती काडी नेली की हायड्रोजन 'फट्' करून पेटतो. बॅटरी भरल्यावरही चार्जर चालू राहिला तर तिच्यातील पाण्याचे असेच अपघटन होते. हवेत हायड्रोजन सुमारे ४ ते ७५ टक्के असला की एक ठिणगी पुरते, आणि बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तरी ठिणगी उडते. हा वायू हलका, छताशी साठतो. म्हणून चार्जिंगच्या खोलीला झरोके वर हवेत. (शाळेतील इन्व्हर्टर बंद कपाटात ठेवलेला असेल तर आजच बाहेर काढावा.)

जिल्ह्यातील ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्याही काही वर्षांनी भंगारात जातात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या लाकडाच्या जाळावरही. भंगाराला भाव असतो, त्यामुळे कोणीही उघड्यावर भट्टी लावू शकतो. सेनेगलमधील डाकारजवळच्या वस्तीत अशाच धंद्यामुळे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ मुले दगावली. मुलांचे शरीर शिसे मोठ्यांपेक्षा जास्त शोषते. ते कॅल्शियमसारखे हाडांत साठते आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणते. वर्गात असे मूल 'लक्ष देत नाही' एवढेच आपल्याला दिसते. भारतात जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. त्यांची जागा २०२२ च्या नव्या नियमांनी घेतली. तरीही आपली बॅटरी कोणाच्या हाती जाते, हे आपण क्वचितच विचारतो.

नगरशी जिचे नाव जोडलेले आहे ती किनेटिकची लुना १९७२ मध्ये पेट्रोलवर आली. २०२४ मध्ये ती लिथियम बॅटरीवर परतली. लिथियमच्या बॅटरीत शिसे नाही, गंधकाम्ल नाही. पण एक घट बिघडून तापला तर शेजारचेही पेटतात आणि विझवलेली आग पुन्हा भडकू शकते. अशी बॅटरी चुकून शिशाच्या भंगारात मिसळून भट्टीत गेली, तर तेथे स्फोट होतो.