'चर्चेअंती सर्वानुमते ठरले' : आरोग्य समितीचं प्रोसिडिंग वाचताना

पीएच.डी.ला लागलात की पहिल्या वर्षातच एक वाक्य तुमच्यासमोर शेकडो वेळा येणार आहे : 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' आरोग्य समित्यांची प्रोसिडिंग बुकं चाळताना मला आधी या वाक्याची सवय झाली, मग त्याची चीड यायला लागली. आता तेच माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण झालंय. प्रश्न साधा आहे : तरुणांच्या, विशेषतः किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचे निर्णय ज्या समितीत झाले, तिथे खुर्चीवर कोण बसलं होतं?

गावपातळीवरची आरोग्य समिती ही कल्पना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली असं बरेच जण लिहितात. ते चूक आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातच गावोगाव पाच-सात जणांची स्वयंसेवी आरोग्य समिती असावी, अशी शिफारस होती. पण इथे आपल्या भागातल्या संशोधकाने जरा थांबायला हवं. भोर अहवाल ब्रिटिश हिंदुस्थानचा विचार करून लिहिलेला आणि औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. मुलींच्या लग्नाचं वय १४ करणारा १९२९ चा सारडा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच. मराठवाडा भारतात आला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कायद्यांची सनावळी उचलून मराठवाड्याला चिकटवू नका. व्हायवाला पकडतात, आणि बरोबरच पकडतात.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. तिथे गावातल्या शेतकऱ्यांची आणि महिलांची मंडळं आरोग्याच्या कामात उतरली. लोकसहभागाचं हे उदाहरण जगभर गेलं. पण मंडळं मोठ्या माणसांची. पंधरा वर्षांची मुलगी लाभार्थी होती, सभासद नव्हती.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येते. सोलापूर-धुळे महामार्गावरचं पाचोड, तालुका पैठण. शहरातून एसटीने तासा-दीड तासाचं अंतर. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी १२ ते १८ वयाच्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. भर होता शाळा सुटलेल्या आणि कामाला जाणाऱ्या मुलींवर. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. मिळून २२५ तासिका. शिकवायला गावातल्याच, किमान सातवी झालेल्या बायका. अभ्यासक्रम ठरवताना पालकांशीही बोलणी झाली होती.

निकाल गाजला. कार्यक्रमाच्या गावांत झालेल्या लग्नांपैकी ११ ते १७ वयाच्या मुलींच्या लग्नांचं प्रमाण १९९७ मध्ये ८०.७ टक्के होतं, ते २००१ मध्ये ६१.८ वर आलं. लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ झालं. आणखी एक आकडा कायम उद्धृत होतो : पूर्ण वर्ग केलेल्या मुलींच्या तुलनेत कार्यक्रमाबाहेरच्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट.

हा चौपटीचा आकडा जपून वापरा. वर्षभर रोज संध्याकाळी मुलीला वर्गात पाठवणारा बाप तिच्या लग्नाची घाई न करणाराच असू शकतो. म्हणजे वर्गामुळे लग्न लांबलं, की लग्न लांबणार होतं म्हणून वर्ग पुरा झाला? त्या मानाने गावांच्या पातळीवरची घट जास्त भक्कम पुरावा आहे, कारण त्यात वर्गाला न गेलेल्या मुलीही येतात. मी दोन्ही आकडे देते, पण युक्तिवाद दुसऱ्यावर उभा करते.

मला पाचोड महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्याच कारणाने. अठराच्या आत लग्न करू नये हा कायदा १९७८ चा. वीस वर्षांनंतरही पाचात चार लग्नं त्या वयाच्या आत होत होती. कायद्याला जे वीस वर्षांत जमलं नाही ते संध्याकाळच्या वर्गाने चार-पाच वर्षांत हलवलं.

थोडं स्वतःबद्दल. एम.ए.ला असताना एका संस्थेच्या युवा आरोग्य समितीवर मी 'युवा प्रतिनिधी' होते. दोन वर्षांत सात बैठका. विषयपत्रिका आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. एकदा मी म्हटलं, सल्ला केंद्राची वेळ दुपारी बारा ते दोन आहे, तेव्हा मुली कॉलेजात असतात. अध्यक्ष म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." चहा आला, सगळे उठले. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं तर त्यात : केंद्राच्या वेळेबाबत चर्चा होऊन सर्वानुमते वेळ कायम. खाली माझी सही! हजेरीची सही मी बैठकीच्या सुरुवातीलाच केली होती, ठराव नंतर लिहिला गेला.

तेव्हापासून प्रोसिडिंग वाचताना मी एक तक्ता करते : हजर किती, सूचक कोण, अनुमोदक कोण, वय काय. २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि त्यात त्याच वयाच्या मुलामुलींना 'समवयस्क शिक्षक' नेमायची सोय झाली. मी पाहिलेल्या रजिस्टरांत ही मुलं हजेरीत सापडतात. सूचकाच्या रकान्यात अजून एकही सापडलेली नाही.

पाचोडच्या त्या वर्गांत बसलेल्या मुली आज चाळिशीच्या आसपास असतील. दिवाळीनंतर मुलाखती सुरू करायच्या आहेत. प्रश्नावलीत पहिला प्रश्न लग्नाच्या वयाचा नाही. तो आहे : वर्ग संध्याकाळी घ्यायचा, हे कुणी ठरवलं होतं?